सातातला एक इंच

बाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. नऊ वर्षं झाली. ते पत्र माझ्याकडे शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलेलं होतं, आणि त्या नऊ वर्षांत दुसऱ्या खंडातला एखादा शब्द अडला तर मी तो न बघताच चालवून घ्यायचो. माणूस स्वतःपासून किती लपतो, याचा हा एक पुरावा.

पत्र एका पानाचं होतं. निळी शाई, सरळ ओळी. मला ते पाठच आहे.

‘पुस्तकाच्या प्रती पोचल्या. छपाई सुरेख आहे. एक गोष्ट विचारायची आहे. घारीचे पीस मी अकराव्या पानावरच्या चित्रावर ठेवून पाहिले, तर ते चित्राच्या बाहेर येते. बगळ्याचे आणि कावळ्याचेही तसेच. सगळीच चित्रे लहान वाटतात. गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि बहुतेक चित्रे मी त्यानंतर काढली. नव्या भिंगांमुळे माझे माप चुकले असेल का? मूळ चित्रे तुमच्याकडे आहेत. एखादे मोजून कळवाल का? माझी नजर चुकली असेल तर तसे स्पष्ट लिहा. मला वाईट वाटणार नाही.’

शेवटच्या वाक्याला पेन इतकं दाबलं होतं की कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं हाताला लागत.

पत्रावर ‘श्री. पंडित यांस’ असं लिहिलेलं होतं. पंडित हे माझं आडनाव नाही. प्रकाशन संस्थेचे मालक मला चेष्टेने पंडित म्हणत, बाईंना ते आडनाव वाटलं, आणि मी त्यांना कधी सुधारलं नाही. सुधारणं हाच माझा धंदा होता, तरीही. एकतीस वर्षं मी त्या संस्थेत मुद्रितशोधक होतो. म्हणजे छपाईला जाण्याआधी कच्ची प्रत वाचायची आणि चुका काढायच्या. लोखंडी सामानाच्या दुकानावर दोन खोल्या, तिथे जाणारा एक अरुंद जिना, खिडकीशी माझं टेबल. कुणाशी फारसं बोलावं लागत नसे. मला ती नोकरी मानवली.

बाई आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत होत्या. त्यांना एकच नाद होता. रस्त्यात, बागेत, तळ्याकाठी गळून पडलेलं पीस दिसलं की ते घरी आणायचं, स्वच्छ करायचं आणि जसंच्या तसं रंगवायचं. निवृत्त झाल्यावर त्या बेचाळीस चित्रं घेऊन आमचा जिना चढल्या. मालकांना त्या चित्रांत पुस्तक दिसलं. बाईंची अट एकच होती.

“चित्रं मूळ आकारात छापा. एक सूतही कमी नाही, जास्त नाही. मुलाला पीस सापडलं की त्याने ते चित्रावर ठेवायचं. बसलं तर तो पक्षी, नाही बसलं तर पान उलटायचं. एवढं सोपं पाहिजे.”

“बाजूला मोजपट्टी छापू या का?” मी विचारलं. मी स्वतःहून बोललो याचं मालकांनाही नवल वाटलं.

“आरशात बघताना शेजारी आपला फोटो धरून उभे राहता का तुम्ही?” बाई म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो. पट्टी छापायची राहिली.

पहिल्या पानावरची दोन वाक्यं माझी होती: ‘या पुस्तकातील सर्व चित्रे मूळ आकारात आहेत. सापडलेले पीस चित्रावर ठेवून पाहावे.’ त्या वाक्यांचा मला अभिमान होता. बारा शब्दांत सगळं आलं होतं.

आमच्याकडे चित्रांचं काम बघणारा माणूस त्याच सुमारास सोडून गेला होता. मालकांनी संगणक उचलून माझ्या टेबलावर आणला. “पंडित, तुम्ही जुनं व्याकरण कोळून प्यायलात. हे तर नुसतं यंत्र.” नाही म्हणण्यापेक्षा शिकणं मला सोपं वाटलं. मी पुस्तक आणून शिकलो. बाईंची चित्रं एकेक करून स्कॅनरच्या काचेवर ठेवली, काच दर वेळी पुसली, आणि इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने ती संगणकात घेतली. तोपर्यंत सगळं बरोबर होतं.

मग छापखान्यातून फोन आला. “तुमची चित्रं तीनशेची आहेत. आम्हाला साडेतीनशे लागतात. तेवढं बदलून पाठवा ना, पाच मिनिटांचं काम आहे.”

मी बदललं. पाच मिनिटांचं नाही, एका दुपारचं काम झालं. प्रत्येक चित्र उघडायचं, तीनशेच्या जागी साडेतीनशे टाइप करायचं, छापखान्यासाठी नवी फाइल काढायची. बेचाळीस वेळा. पडद्यावर चित्रात केसाइतकाही फरक पडत नव्हता, म्हणून मी निश्चिंत होतो.

फरक पडत होता तो कागदावर. संगणकातल्या चित्राला दोन मापं असतात. एक, त्यात ठिपके किती. दुसरं, ते ठिपके कागदाच्या किती इंचांत पसरायचे. घारीचं पीस सात इंचांचं, म्हणजे तीनशेच्या हिशेबाने एकवीसशे ठिपके. मी ‘इंचाला साडेतीनशे’ म्हटलं, तेव्हा संगणकाने नवे ठिपके घातले नाहीत. असलेलेच जवळ जवळ उभे केले. माणसं तेवढीच, पण खांद्याला खांदा लावून, तशी रांग आखूड झाली. एकवीसशे भागिले साडेतीनशे, सहा. आकडा टाइप करायच्या त्याच चौकटीत खाली एक बारीक चौकोन होता. त्यावर खूण केली असती तर ठिपके वाढले असते आणि लांबी कायम राहिली असती. आणि खूण नाही केली तरी, त्या चौकोनाच्या वरच लांबीचा आकडा होता. मी साडेतीनशे टाइप करताच तो सातावरून सहावर येत होता. माझ्या डोळ्यांसमोर, बेचाळीस वेळा. आकडा चित्रागणिक वेगळा, पण दर वेळी उतरणाराच. पूर्णविरामानंतर जागा जास्त सुटली तरी ज्याला खटकतं, त्या माणसाने तो वाचला नाही.

एक गोष्ट मी बरीच वर्षं स्वतःपाशीही कबूल केली नव्हती. कच्ची प्रत हातात आली तेव्हा चित्रं लहान आहेत असं मला वाटलं होतं. पण आमच्या कार्यालयातला प्रिंटर सगळंच पान कागदात बसवण्यासाठी थोडं आवळून छापायचा. त्याचाच हा प्रताप, असं मी मनाशी म्हटलं. पट्टी माझ्या खणात होती. खण उघडला नाही.

बाईंचं पत्र आलं त्या दिवशी मात्र उघडला. घारीचं मूळ चित्र सात इंच. पुस्तकातलं सहा. कावळा, बगळा, घुबड, पारवा, सगळे त्याच प्रमाणात. बाईंची नजर कुठेही, अर्ध्या सुतानेही चुकलेली नव्हती.

मी पत्र घेऊन मालकांकडे गेलो.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

मालकांनी पत्र वाचलं. त्यांच्याकडे तोवर तीन शाळांतल्या शिक्षकांची पत्रं आली होती. एका वर्गाने कावळ्याचं पीस कुठल्याच चित्रावर बसेना म्हणून नवा पक्षी सापडल्याचं जाहीर करून टाकलं होतं.

“पंडित, कावळा इंचभर लहान झाला म्हणून कोण कोर्टात जातंय?”

“पण बाईंनी विचारलंय. त्यांना वाटतंय त्यांचे डोळे…”

“हो ना! बाईंनी स्वतःच लिहिलंय की. नजर चुकली असेल म्हणून.” त्यांनी पत्रावर बोट ठेवलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायला हवं. त्यांना एक अडचण होती आणि वाट सापडली. “आपण एक चिठ्ठी छापू, उरलेल्या प्रतींत चिकटवू. शाळांनाही पाठवू. संस्थेचं नाव राहील, तुमचंही राहील. बाई तर निवृत्त आहेत. त्यांचं काय जातंय?”

मी म्हणायला हवं होतं की त्यांचंच सगळं जातंय. मी मूग गिळून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीचा मजकूर माझ्या टेबलावर आला. ‘चित्रकर्तीच्या नजरचुकीमुळे या पुस्तकातील चित्रे मूळ आकारापेक्षा किंचित लहान आली आहेत. वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.’ मी तो वाचला. ‘किंचित’ची वेलांटी चुकली होती, ती सुधारली. ‘कृपया’ची जागा बदलावी का, याचा थोडा विचार केला. मग कोपऱ्यात नेहमीसारखी सही केली. ‘वाचले, छापण्यास हरकत नाही.’

आयुष्यात मी केलेल्या सगळ्या गोष्टींत ही सही सर्वांत वाईट. चूक एक वेळ माफ होते. पण त्या खोट्याची मी वेलांटी सुधारली.

बाईंना उत्तर लिहायला मी दोन वेळा बसलो. ‘आपले पत्र मिळाले’ यापुढे गेलो नाही. चिठ्ठी लागलेली प्रत त्यांनाही गेलीच असणार. त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

मी निवृत्त झालो, त्यालाही पाच वर्षं झाली. यंदा मालकांनी संस्था बंद केली. एके सकाळी त्यांच्याकडून एक मोठं सपाट पाकीट घरी आलं. वर चिकटवलेला कागद: ‘पंडित, तुमच्या कपाटामागे सापडलं. काय करायचं ते तुम्हीच बघा.’ मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर बायकोने जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारून बेचाळीस चित्रं मांडली होती.

“अहो, हे बघा तरी! हे पीस फुंकर मारली तर उडेल असं वाटतंय. कुणाची हो ही?”

“आमच्या एका पुस्तकातली.”

“ते पिसांचं? थांबा.” तिने कपाटातून पुस्तक काढलं, घारीचं पान उघडून चित्राशेजारी धरलं. मी टॉवेल तसाच खांद्यावर घेऊन उभा. “हे लहान का पुस्तकात?”

तिने पहिलं पान उलटलं. तिथे चिठ्ठी होती. ती तिने मोठ्याने वाचली. मग माझ्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला माझा चेहरा वाचायला चष्मा लागत नाही.

“चित्रकर्तीची नजरचूक?”

“नाही,” मी म्हणालो. आणि खुर्चीत बसून सगळं सांगितलं. छापखान्याचा फोन, साडेतीनशे, चौकोन, पत्र, चिठ्ठी. चिठ्ठीवरची सहीसुद्धा. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि हे तिच्या स्वभावात नाही.

“दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ दाखवायला रस्ता ओलांडून जाता तुम्ही,” शेवटी ती म्हणाली. “तो बिचारा केशकर्तनालयवाला तुम्हाला बघून शटर ओढतो. आणि इथे नऊ वर्षं?”

“मालक म्हणाले…”

“मालकांना पत्र आलं होतं का?”

मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी घालायला लागलो.

“त्या बाई आहेत का अजून?”

“माहीत नाही.”

“मग माहीत करून घ्या. आणि ही चित्रं पोस्टाने नाही पाठवायची. हातात नेऊन द्यायची. आधी अंग पुसा, थंडी वाजेल.”

बाई होत्या. पत्ताही तोच. शनिवारी मी बसने गेलो. वाटेत वाक्यं तयार करत होतो. ‘बाई, मला तुम्हाला एक सांगायचं आहे.’ हे जरा नाटकी वाटलं. ‘बाई, ती चूक तुमची नव्हती.’ हे बरं. थांबा आला तोवर मी तेही चार वेळा बदललं होतं.

तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या भाचीने दार उघडलं. चाळिशीची, शिक्षिकेसारखी नजर. मी कोण ते सांगितल्यावर ती दारातच थांबली.

“म्हणजे पुस्तकवाले तुम्ही. मावशीच्या पत्राला उत्तर न देणारे.”

“हो,” मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेला तेवढा एकच शब्द पूर्ण खरा होता.

“अगं, कोण आहे? आत घे ना त्यांना,” आतून आवाज आला.

बाई खिडकीजवळ बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या. केस पार पांढरे झाले होते, पाठ मात्र ताठ. मला बघताच म्हणाल्या, “पंडित! बारीक झालात. बसा, बसा. चहाला नाही म्हणू नका, ही चहा चांगला करते आणि बोलते वाईट, दोन्ही मिळून ठीक जमतं.”

“ऐकू येतंय मावशी,” भाची आतून म्हणाली.

“ऐकू येण्यासाठीच बोलते.”

मी पाकीट पुढे केलं. “मूळ चित्रं. कार्यालयात राहिली होती. उशीर झाला.”

त्यांनी पाकीट घेतलं, मांडीवर ठेवलं, वर तळहात ठेवला. उघडलं नाही. “बरं झालं आणलीत,” म्हणाल्या, आणि भाचीला हाक मारली. “हे कपाटावर ठेव गं. वर, मागे.”

“बघणार नाहीस?”

“बघितलेलीच आहेत.”

भाचीने स्टूल ओढलं, पाकीट कपाटावर सरकवलं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. उघडा, पट्टी आणा, मोजा. चार शब्दांचं काम होतं. चहा आला.

बाईंच्या सुईतला दोरा संपला. बोलता बोलता त्यांनी नवा दोरा तोंडात ओला केला आणि पहिल्याच खेपेला सुईत ओवला. चष्म्याशिवाय. मी बघत राहिलो.

“हल्ली काय रंगवता?” मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

“छे! बंद केलं ते. पुस्तक आलं त्यानंतर नाही केलं काही. रंग शाळेला देऊन टाकले.” त्या सहज म्हणाल्या, किराणा आणला म्हणावं तसं. “हात चुकला तर सुधारता येतो हो, पंडित. नजरच दगा देते म्हटल्यावर कशावर विश्वास ठेवायचा? आपण काढतोय सात आणि उतरतंय सहा, आणि आपल्याला पत्ता नाही. पुढे पुढे मला भाजी चिरतानाही वाटायचं, हे तुकडे आहेत तेवढेच आहेत ना?” त्या हसल्या. “आता नाही वाटत. सवय झाली.”

“डॉक्टर तर म्हणतात, मावशीचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत,” भाची म्हणाली.

“डॉक्टरांनी कुठे पुस्तक बघितलंय?”

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणला. “तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. तुम्ही त्या पत्राला उत्तर दिलं नाहीत, तेव्हा आधी मला राग आला होता. मग समजलं. चूक माझी निघाली, आणि तसं लिहायचं तुमच्या जिवावर आलं. तुम्ही मोजलं असणार, मला खात्री आहे. तुम्ही न मोजणाऱ्यांतले नाही. मला दुखवायला नको म्हणून गप्प राहिलात. बाकी कुणी एवढाही विचार केला नसता.”

कुणी तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. माझा हात चष्म्याकडे गेला. मी तो पुसला, घातला, पुन्हा काढला.

“बाई…” मी म्हणालो.

“समोरच्या गच्चीवर बघा,” त्या एकदम म्हणाल्या. “पाण्याच्या टाकीवर. घार आहे. शेपटीतलं डावीकडचं एक पीस गळलंय तिचं.”

मला टाकीच नीट दिसत नव्हती. तिच्यावर एक काळा ठिपका. “हो,” मी म्हणालो.

आणखी पाऊण तास बसलो. दोनदा तोंड उघडलं. एकदा विचारलं की इथून परतीची बस किती वाजता, आणि एकदा म्हणालो की चहा छान होता. भाची जिन्यापर्यंत आली.

“तुम्हाला काही सांगायचं होतं का हो?” तिने विचारलं. “सारखा चष्मा पुसत होतात. काचा झिजल्या असतील.”

“नाही. म्हणजे… नाही.”

ती तिथेच उभी राहून माझं उतरणं बघत होती. दोन मजले उतरेपर्यंत मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर बायकोने चप्पल काढायच्या आधीच विचारलं, “सांगितलंत?”

“चित्रं दिली.”

“मी चित्रांचं नाही विचारलं.”

“त्या मला चांगला माणूस समजतात,” मी म्हणालो. “मी गप्प राहिलो तो त्यांच्यासाठी, असं वाटतंय त्यांना. तसं सरळ म्हणाल्या. त्यानंतर कसं बोलायचं?”

तिने दाराला कडी लावली. मग म्हणाली, “म्हणजे त्यांच्याकडून डोळे गेले, रंग गेले. आणि तुम्ही चांगुलपणा तेवढा घेऊन आलात.”

ती स्वयंपाकघरात गेली. मी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला, पत्र टेबलावर ठेवलं आणि उत्तर लिहायला बसलो.

पहिला खर्डा साडेतीन पानांचा झाला. त्यात ठिपके होते, तीनशे आणि साडेतीनशे यांतला फरक होता, त्या चौकोनाची आकृतीसुद्धा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला वाचायला दिला. तिने उभ्यानेच वाचला.

“यात संगणक आहे. छापखाना आहे. प्रिंटर आहे, मालक आहेत. तुम्ही कुठल्या पानावर आहात?”

मी बघितलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी एका ठिकाणी ‘माझ्याकडूनही’ असं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या लिखाणातलं पाल्हाळ काढणाऱ्याला आपलं पाल्हाळ दिसत नाही.

“‘ही’ काढा आधी त्यातला,” ती म्हणाली.

मी सगळंच काढलं. दुसरा खर्डा फार रडका झाला. त्यात मी स्वतःला इतका बोल लावला होता की बाईंना माझीच समजूत घालावी लागली असती. तोही फाडला. तिसरा असा होता:

‘आपल्या पत्राचे उत्तर नऊ वर्षे उशिरा देत आहे. आपण विचारले होते की माप चुकले का. आपले माप चुकले नाही. मी तेव्हाच सर्व मूळ चित्रे मोजली होती. ती बरोबर आहेत. छपाईसाठी फाइल तयार करताना मी एक आकडा बदलला आणि त्यामुळे प्रत्येक चित्र सातास सहा या प्रमाणात लहान झाले. बदलल्यावर लांबी वाचायला हवी होती, ती मी वाचली नाही.

‘चिठ्ठीतला मजकूर खोटा आहे. तो मी वाचला आणि खोटा आहे हे माहीत असून छापायला जाऊ दिला. आपल्याला दुखवू नये म्हणून मी गप्प राहिलो, असे आपण शनिवारी म्हणालात. तसे नव्हते. मला माझी लाज वाटत होती, म्हणून गप्प राहिलो. शनिवारीही त्याचसाठी.

‘माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. कपाटावरचे पाकीट उघडा. घारीचे चित्र घ्या, पट्टी लावा. नंतर पुस्तकातले मोजा. सात आणि सहा येतील. कावळ्याचेही करून पाहा.

‘ज्या शाळांना ती चिठ्ठी गेली त्यांना मी माझ्या सहीने लिहीत आहे. प्रत सोबत जोडली आहे. आपण मला उत्तर लिहावे अशी अपेक्षा नाही.’

हे वाचून बायको म्हणाली, “आता ठीक.” मग पुन्हा वाचून म्हणाली, “शेवटची ओळ खोटी आहे.”

खरंच होती. उत्तराची मला आतून फार आशा होती. मी ती ओळ खोडली. तिच्या जागी दुसरी सुचेना, म्हणून जागा कोरी सोडली, आणि कागद स्वच्छ उतरवून काढला. उतरवताना वेलांट्या तपासल्या नाहीत. आकडे तेवढे तपासले, तीनदा.

पोस्ट कोपऱ्यावरच आहे. खिडकीतल्या मुलीने पाकीट तराजूवर टाकलं, न बघताच विचारलं, “साधं की रजिस्टर?”

“कुठलं नक्की पोचेल?”

“पोचतात दोन्ही, आजोबा. रजिस्टरला सही घ्यावी लागते समोरच्याची.”

“मग साधं द्या,” मी म्हणालो. त्या चिठ्ठीखाली सही करणारा मी होतो. बाईंना आणखी कशावर सही करायला लावणं मला योग्य वाटलं नाही.

मुलीने तिकीट दिलं. ते सरळ चिकटतंय ना हे मी दोनदा बघितलं. पेटी बाहेर भिंतीवर होती. मागे एक माणूस आपलं पत्र घेऊन उभा होता, म्हणून फार वेळ थांबता आलं नाही. मी पाकीट आत सोडलं आणि त्याला वाट करून दिली.